आधी पाठ बघा: जुन्या जाहिरातपाट्या जमवायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्याकडची पहिली पाटी एका गोठ्याच्या छपरावर होती. कौल फुटलं म्हणून कुणीतरी ती पालथी घालून वर दगड ठेवला होता. उलटी केली तर निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत चहाची जाहिरात निघाली. एक कोपरा खाऊन गेलेला, मधोमध दोन टवके उडालेले, पण अक्षरं अशी लखलखीत की कालच भट्टीतून काढली असावीत. गोठ्याचे मालक म्हणाले, "आमच्या वडलांच्या दुकानावर होती ती. दुकान मोडलं तेव्हा पत्रा कामाला येईल म्हणून ठेवला." पाटीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. छपरासाठी नवा पत्रा मात्र आणून द्यायला लावला.

त्या एका वाक्यामुळे ती पाटी माझ्यासाठी मोलाची झाली. अशाच चहाच्या पाट्या बाजारात मिळतात, याहून चांगल्या स्थितीतल्याही मिळतात. पण ती कुठल्या गावात, कुणाच्या दुकानावर, कोणत्या बाजूला टांगलेली होती हे जिच्याबद्दल सांगता येतं, अशी पाटी क्वचितच हाती लागते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो: पाटी हातात आली की ती उलटी करा, पाठ बघा आणि विकणाऱ्याला विचारा, "ही कुठं होती?" पुढचं सगळं यातूनच निघतं.

तीन प्रकारच्या पाट्या

बाजारात सगळ्यालाच "टिनचा बोर्ड" म्हणतात, पण त्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. त्या ओळखता आल्या की निम्मी फसवणूक टळते.

पहिली इनॅमलची पाटी. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून बसवलेली. आजीच्या घरी निळ्या काठाचं पांढरं इनॅमलचं ताट किंवा टमरेल पाहिलं असेल, तर तीच कला. हिच्यावरचा रंग म्हणजे रंगीत काच असते. त्यामुळे पन्नास-साठ उन्हाळे खाऊनही तो फारसा उडत नाही. हात लावला की थंडगार लागते आणि वजनाला भारी असते. तीन फूट बाय दोन फुटांची पाटी सहज पाच किलोच्या आसपास भरते.

दुसरी छापील टिनची पाटी. पातळ, कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर लिथोग्राफीने, म्हणजे सपाट दगडावर चित्र काढून त्यावरून छापायच्या पद्धतीने, छापलेली. पत्र्यावर थेट दगडाने छापणं अवघड, म्हणून मधे एक पुठ्ठ्याच्या, पुढे रबराच्या आवरणाचा रूळ घालून छापायची युक्ती इंग्लंडमध्ये निघाली. रॉबर्ट बार्कलेने १८७५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज कागदावर सर्रास होणारी ऑफसेट छपाई मुळात पत्र्यासाठी निघाली, हे मला फार आवडतं. या पाट्यांवर चित्रं सुरेख असतात, पण त्या नाजूक असतात. उन्हात आधी लाल-पिवळा फिका पडतो, निळा मागे राहतो.

तिसरी पेंटरने हाताने रंगवलेली. ऑइलपेंट, ब्रश आणि पेंटरची सही. संग्राहक हिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि मला ते चूक वाटतं. कारखान्याच्या पाट्या शेकड्याने निघाल्या, पण "श्रीराम पिठाची गिरणी, येथे मिरची कांडून मिळेल" ही पाटी जगात एकच असते. पैसे कमी असतील तर सुरुवात इथूनच करा.

इनॅमलची पाटी कशी बनायची

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी-खोटी ओळखण्याच्या जवळजवळ सगळ्या खुणा या प्रक्रियेतच दडलेल्या आहेत.

आधी पत्रा मापात कापायचा आणि स्क्रूची भोकं त्याच वेळी पाडून घ्यायची. मग तो आम्लात धुऊन स्वच्छ करायचा. त्यानंतर दोन्ही बाजूंना अस्तराचा थर. त्यात कोबाल्ट असतं, त्यामुळे काच लोखंडाला घट्ट धरते आणि थराला गडद निळा-काळा रंग येतो. दोन्ही बाजूंना अस्तर दिलं नाही तर भट्टीत पत्रा वाकतो. मग सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजणी. त्यावर पुढच्या रंगाची ओली पूड, ती वाळली की स्टेन्सिल ठेवून नको तिथली पूड ब्रशने झाडून टाकायची आणि पुन्हा भाजणी. जितके रंग तितक्या भाजण्या. म्हणून जुन्या पाट्यांत दोन-तीनच रंग जास्त दिसतात. पाच-सहा रंगांची पाटी काढायला कंपनीला चांगलाच खर्च यायचा.

आता यातून काय निघतं ते बघा. रंगावर रंग चढलेला असतो, म्हणून दोन रंगांच्या सीमेवरून नख फिरवलं तर बारीक पायरी लागते. भोकं भाजणीच्या आधी पाडलेली असतात, म्हणून अस्सल पाटीच्या भोकाच्या कडेवर, आतपर्यंत काच उतरलेली दिसते. भोकाच्या आत कोरं लोखंड चमकत असेल आणि भोवती ताजे टवके उडालेले असतील, तर ते भोक नंतर ड्रिलने पाडलेलं आहे. कदाचित पाटी जुनी असेल आणि भोक नवं, पण विचारायला हवं. पाठीवर ते गडद अस्तर दिसायलाच हवं. मागे चकचकीत पांढरा पत्रा किंवा एकसारखा स्प्रेचा काळा रंग असेल तर पाटी खाली ठेवा.

सुरुवातीला या पाट्या इंग्लंडमधून जहाजाने यायच्या. मग कोलकात्यात आणि इतरत्र कारखाने निघाले. बनवणाऱ्याचं नाव पुष्कळदा खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. तिथे धूळ आणि चुना बसलेला असतो, म्हणून ओल्या फडक्याने तेवढीच कड पुसून बघायची सवय लावून घ्या. प्लॅस्टिक आलं, भिंती रंगवून जाहिराती होऊ लागल्या, पुढे फ्लेक्स आले आणि या भट्ट्यांचं काम हळूहळू संपलं.

काय जमवायचं ते आधी ठरवा

सगळंच जमवायचं म्हणाल तर वर्षभरात घर भरेल आणि हाताशी काही लागणार नाही. एखादा धागा धरा. चहा, साबण, सिगारेट-बिडी, पेट्रोल-रॉकेल, सायकल आणि टायर, रेडिओ आणि ग्रामोफोन असे सोपे विषय आहेत. प्रदेश धरूनही करता येतं. हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीची चारमिनार सिगारेट मराठवाड्यात घराघरांत पोचलेली होती, मुंबईत विलेपार्ल्याच्या गोल्डन टोबॅकोची पनामा. दुकानांवरच्या पाट्यांतही हा फरक उतरलेला दिसतो. गोव्यात १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज राजवट होती, त्यामुळे तिथे पोर्तुगीज मजकुराच्या पाट्या मिळतात आणि तो एक स्वतंत्र, सुंदर विषय आहे.

मी स्वतः फक्त मराठी मजकुराच्या पाट्या घेतो. एकाच कंपनीने एकच चित्र ठेवून इंग्रजी, गुजराती, हिंदी, तमिळ अशा अक्षरांत पाट्या काढलेल्या असतात. देवनागरी दिसली म्हणून ती मराठी असेलच असं नाही. "साबुन" आणि "साबण", "चाय" आणि "चहा", "यहाँ मिलता है" आणि "येथे मिळेल" एवढं बघितलं तरी कळतं. ळ दिसला की माझा जीव भांड्यात पडतो.

कुठे शोधायच्या

मुंबईत भेंडीबाजारालगतच्या चोरबाजारातला मटण स्ट्रीट. शुक्रवारी तिथली कायमची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर फुटकळ विक्रेत्यांचा बाजार भरतो. दुकानात निवडलेला माल असतो, भावही तसाच. शुक्रवारी पहाटे गेलात तर भंगारातून थेट आलेलं काही हाती लागू शकतं. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पहिल्या दोन-तीन खेपांना काहीही विकत घेऊ नका. नुसतं बघा, हात लावा, वजन करा, विचारा. तिथल्या जुन्या विक्रेत्यांना तुम्ही खरंच शिकायला आलात हे कळलं की ते आपणहून दाखवतात, समजावतात. माझं अर्धं शिक्षण अशा माणसांनी केलं आहे आणि त्याचे त्यांनी कधी पैसे लावले नाहीत.

याहून चांगली जागा म्हणजे गावाकडची भंगाराची दुकानं. भंगारवाल्याच्या लेखी पाटी म्हणजे इतके किलो लोखंड. आपला फोन नंबर देऊन ठेवा आणि भंगाराच्या भावापेक्षा बरा भाव देईन असं सांगून ठेवा. तुम्ही गेला नाहीत तर ती पाटी भट्टीत जाते, म्हणून हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जुन्या घरांत पाट्या भलत्याच ठिकाणी सापडतात: पाण्याच्या टाकीचं झाकण, चुलीमागचा आडोसा, कोंबड्यांच्या खुराड्याची भिंत, माळ्यावरची फळी.

दुकानावर अजून टांगलेली पाटी दिसली तर मात्र थांबा. ती तिथे शोभते आहे आणि तिथेच असावी. फोटो काढा, मालकांशी बोला, कधी बसवली ते विचारा. दुकान मोडणार असेल, रंगरंगोटीत काढून टाकणार असतील, तर "तेव्हा मला सांगाल का काका?" एवढं बोलून या. मी अशा एका पाटीसाठी सात वर्षं थांबलो. अधूनमधून चहा प्यायला जात राहिलो. आणि रात्री स्क्रू काढून पाटी पळवणारे लोक आहेत, त्यांच्याकडचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. "कुठं होती?" या प्रश्नाला जो उत्तर टाळतो, त्याच्याकडून घेऊच नये.

पिशवीत एवढं असू द्या: छोटा लोहचुंबक, मोजपट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, ओलं फडकं, जाड हातमोजे आणि जुनी चादर. टवक्याची कड म्हणजे काच असते, हात कापतो. वर गंजही असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

खरी की नक्कल

नक्कल बनवणं हा आज मोठा धंदा आहे. कॅफेच्या भिंतीसाठी म्हणून नवी पाटी नवी सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. नवी पाटी जुनी करून विकतात, तिथे सावध राहायचं.

सुरुवातीला मी एक साबणाची पाटी चांगले पैसे मोजून घेतली. गंज होता, टवके होते, रंग मळकट. घरी ओल्या फडक्याने पुसली तर तपकिरी पाणी निघालं आणि खालून कोरी करकरीत पाटी आली. मळ म्हणजे रंगवलेलं पॉलिश होतं. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण ती पाटी मी टाकली नाही. नव्या माणसाला शिकवताना आजही तीच हातात देतो. तिच्यातून मी जे शिकलो ते असं.

गंज खाली वाहतो. पाटी भिंतीवर असताना पाऊस वरून येतो, भोकातल्या स्क्रूवरून आणि टवक्यातून गंजाचे ओघळ सरळ खाली उतरतात. ओघळ आडवे गेलेले असतील किंवा सगळीकडे गोल गोल डाग असतील, तर तो गंज टेबलावर झोपवून आणलेला आहे. एखादी पाटी खरोखर आडवी ठोकलेली असू शकते, पण मग सगळे ओघळ एकाच दिशेला असतील.

जुना गंज काळपट, घट्ट, जवळजवळ चॉकलेटी असतो. ताजा गंज केशरी आणि भुसभुशीत, बोटाला लागतो.

टवके कुठे आहेत ते बघा. खऱ्या पाटीवर ते भोकांभोवती असतात कारण कुणीतरी स्क्रू जोरात पिळलेला असतो, कोपऱ्यांवर असतात कारण पाटी पडलेली असते, आणि मधोमध असतात कारण गावातल्या पोरांनी नेम धरून दगड मारलेले असतात. तिन्हींचे आकार वेगळे. सगळे टवके एकाच मापाचे, सारख्या अंतरावर असतील तर ते हातोडीचे.

पाठीवर चुना शोधा. आपल्याकडे दिवाळीआधी दुकानाला सफेदी व्हायची. रंगारी पाटी काढत बसत नसे, कडेकडेने कुंचला मारायचा. त्यामुळे खऱ्या पाटीच्या कडांवर आणि मागच्या काठावर चुन्याचे थेंब आणि पापुद्रे राहतात: पांढरा, नीळ घातलेला फिका निळा, मग कधीतरी पिवळा डिस्टेंपर. माझ्याकडच्या एका पाटीच्या कडेवर असे सहा थर मोजता येतात. नक्कल करणाऱ्याला हे सुचत नाही, सुचलं तरी परवडत नाही.

छापील टिनच्या पाटीला भिंग लावा. आजच्या डिजिटल छपाईत रंगाचे अगदी बारीक, एकसारखे ठिपके चित्रभर पसरलेले दिसतात, अक्षरांच्या कडांपर्यंत. जुन्या लिथोत अक्षरं आणि जमीन सपाट, भरीव रंगाची असते. आणखी एक सोपी खूण म्हणजे माप. सजावटीच्या नव्या पाट्या साधारण आठ बाय बारा इंचांच्या, सगळ्या कंपन्यांच्या एकाच मापात येतात. साबण, मोटरसायकल, चहा, सगळं शेजारी शेजारी एकाच आकाराचं टांगलेलं दिसलं की तो नवा माल.

चुंबक लावून बघा. इनॅमल आणि टिन दोन्हींना तो चिकटतो. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम. डागडुजी ओळखायला नोटा तपासायची जांभळी टॉर्च उपयोगी पडते, नंतर लावलेला रंग तिच्या उजेडात बाकीच्या जागेपेक्षा वेगळा दिसतो.

काळ कसा ओळखायचा

यात खरी गंमत आहे. विकणारा "सौ साल पुराना" म्हणतो, पण पाटीवरचा मजकूर स्वतःच बोलत असतो. फक्त प्रत्येक खूण "याच्या आधीची" सांगते की "याच्या नंतरची", हे ध्यानात ठेवायचं.

किंमत आण्यांत असेल तर पाटी १ एप्रिल १९५७ च्या आधीची किंवा त्याच्या फार तर थोड्या नंतरची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. "नवे पैसे" लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४, कारण १९६४ मध्ये "नवे" हा शब्द गळला. वजन शेर-तोळ्यात असेल तर मेट्रिक मापं रुळण्याआधीची, म्हणजे ढोबळमानाने १९६० च्या आसपासपर्यंतची. पत्त्यात "मुंबई २" असा नुसता विभागाचा आकडा असेल तर जुनी. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. रुपयाचं नवं चिन्ह असेल तर २०१० नंतरची, त्यावर कितीही गंज असो. इंग्रजी पाटीवर "बॉम्बे" आहे की "मुंबई" हे १९९५ ची रेघ दाखवतं. मराठीत आपण कायम मुंबईच लिहीत आलो, तिथे ही खूण चालत नाही.

कंपनीचं नाव ही सर्वांत भरवशाची खूण. सनलाइट साबण १८८८ मध्ये कोलकात्याला उतरला तेव्हा खोक्यांवर "लिव्हर ब्रदर्स, इंग्लंड" असं होतं. लिव्हर ब्रदर्स (इंडिया) १९३३ ची, हिंदुस्तान लिव्हर हे नाव १९५६ पासून, हिंदुस्तान युनिलिव्हर २००७ पासून. बर्मा-शेल १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९७६ मध्ये सरकारने घेतली, पुढच्या वर्षी तिचं भारत पेट्रोलियम झालं. इम्पीरियल टोबॅको १९१० ची, १९७० मध्ये तिचं इंडिया टोबॅको झालं आणि १९७४ मध्ये आयटीसी. सिगारेटच्या पाटीवर आरोग्याचा इशारा असेल तर ती १९७५ च्या कायद्यानंतरची. कोका-कोलाने १९७७ मध्ये भारत सोडला आणि १९९३ मध्ये ती परत आली, म्हणून मधल्या काळाची "अस्सल भारतीय" पाटी कुणी दाखवली तर हसून नमस्कार करा.

मराठी पाट्यांसाठी आणखी एक खूण आहे आणि ती फक्त आपल्यालाच वाचता येते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. "येथें उत्तम चहा मिळतो", "घरांत हवाच", "नांव लक्षांत ठेवा" असं टिंबांसकट लिहिलेलं असेल तर पाटी बहुधा त्याआधीची. पेंटर जुन्या वळणाचे असत आणि पुढेही बरीच वर्षं टिंबं देत राहिले, म्हणून हाताने रंगवलेल्या पाटीवर हा पुरावा कच्चा समजा. कारखान्याच्या पाटीवर जास्त पक्का. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली अ-ची बाराखडी, म्हणजे "इ" ऐवजी "अि", "उ" ऐवजी "अु", एखाद्या पाटीवर दिसली तर ती सोडू नका. अशी पाटी मला अजून मिळालेली नाही, पण शोध चालू आहे.

या खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. किंमत आण्यांत आणि खाली पिनकोड, असं कधी होणार नाही. नक्कल इथे पकडली जाते, कारण बनवणारा चित्र जुनं उचलतो आणि पत्ता आजचा टाकतो.

भाव

आकडे सांगत नाही, कारण एकाच आठवड्यात एकच पाटी चोरबाजारात आणि तालुक्याच्या भंगारात दहापट फरकाने पाहिली आहे. एवढंच सांगतो: चित्राची पाटी अक्षरांच्या पाटीपेक्षा महाग, दोन्ही बाजूंनी मजकूर असलेली, भिंतीतून काटकोनात बाहेर येणारी पाटी त्याहून महाग. कडेचे टवके चालतात, चेहऱ्यावरचे किंमत उतरवतात. माझ्या मते पुन्हा रंगवलेल्या पाटीपेक्षा टवके उडालेली पाटी केव्हाही चांगली. घासाघीस जरूर करा, पण पाटीला नावं ठेवून नको. "माझं बजेट एवढं आहे, शेवटचं सांगा" म्हटलं की पुरतं. आणि गावातल्या म्हाताऱ्या बाईंकडून घेताना तिचं मोल तुम्हाला माहीत आणि त्यांना नाही, अशी वेळ येते. तेव्हा खरं सांगा आणि योग्य पैसे द्या.

कायद्याचं थोडं

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना सुट्टीत आले असता जुनी पाटी भेट द्यायची असेल तर हे ध्यानात ठेवा. पाटी त्याहून नवी असली तरी विमानतळावर वाद नको म्हणून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधीच घ्यावा. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. घरात संग्रह म्हणून ठेवणं वेगळं, पण हॉटेल किंवा दुकान चालवत असाल तर सिगारेटची पाटी दर्शनी भागात लावू नका.

घरी आणल्यावर

पहिले दोन दिवस काहीही करू नका. वाळू द्या. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मळलेली असतानाच. पाठीवरचा चुना खरवडू नका, तो पाटीचा दाखला आहे.

इनॅमलची पाटी कोमट पाणी, थोडं सौम्य साबण आणि मऊ सुती कापड यांनी पुसायची आणि लगेच कोरडी करायची. टवक्यांत पाणी राहू द्यायचं नाही. चिंच, लिंबू, पितांबरी, टॉयलेट साफ करायचं आम्ल, तारेचा काथ्या, सँडपेपर, यांतलं काहीही नको. तांब्याच्या तांब्याला चिंच चालते म्हणून पाटीला लावली आणि इनॅमलची चकाकी कायमची गेली, असं मी एका घरी पाहिलं आहे. छापील टिनच्या पाटीला पाणीही जपून. आधी एका कोपऱ्यावर बघा. रंग कापडाला लागला तर फक्त मऊ ब्रशने धूळ झाडा आणि थांबा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून रंग घासून काढायचा नाही आणि काम झालं की हात धुवायचे.

उघड्या लोखंडावर कोरडा झालेला गंज मऊ ब्रशने झाडून, त्यावर रंगहीन मेणाचा पातळ हात द्यावा. गाडीला लावतात तसलं मेण चालतं, मात्र त्यात घासणारी पूड नसावी. मेणामुळे हवेतला ओलावा अडतो. टवक्यात ऑइलपेंट भरून पाटी "नवी" करायचा मोह होतो. करू नका.

टांगताना जुनीच भोकं वापरा. स्क्रूखाली रबराचा किंवा चामड्याचा वॉशर घाला आणि हाताने जेमतेम घट्ट करा. पत्रा थोडा वाकतो, काच वाकत नाही, म्हणूनच टवका उडतो. भिंत आणि पाटी यांत लाकडाचा अर्ध्या इंचाचा गुटका ठेवा, मागे हवा खेळली पाहिजे. बाहेरच्या भिंतीला ओल असेल तिथे लावू नका. छापील पाटीवर थेट ऊन नको. नेताना मोटरसायकलवर कधीही नाही, एसटीत किंवा गाडीत चादरीत गुंडाळून, उभी धरून.

नोंदवही पहिल्या पाटीपासूनच ठेवा, नंतर आठवत नाही. प्रत्येक पाटीला क्रमांक द्या, पण तो पाटीवर लिहू नका, दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहा. माप, प्रकार, रंग, बनवणाऱ्याचं नाव, मजकूर जसाच्या तसा टिंबांसकट, कुणाकडून घेतली, किती पैसे दिले. आणि या सगळ्याच्या वर, पहिली ओळ: कुठे होती. गाव, दुकान, रस्त्याकडे तोंड होतं की आत, मालकांनी काय सांगितलं. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांचं संग्रहालय उभं राहिलं. आपली एक भिंत असली तरी नोंदीची शिस्त तीच असावी.

पावसाळ्याआधी, मे महिन्याच्या शेवटी, सगळ्या पाट्या उतरवून बघायच्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर दिवाळीनंतर पुन्हा एकदा, कारण खारी हवा टवक्यांत शिरते. कपाटात ठेवायच्या असतील तर एकावर एक नको, मधे सुती कापड घालून उभ्या ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. पाठ हाताने चाचपून बघा, कुठे नवा केशरी गंज लागला तर तेवढीच जागा झाडून मेण द्या. गोठ्यावरच्या त्या चहाच्या पाटीचं मी दर मे महिन्यात एवढंच करतो, आणि तिचा खाल्लेला कोपरा इतक्या वर्षांत तिथेच थांबलेला आहे.